बंदूक आणि धोंडाआत्या

खंडेनवमीच्या सकाळी आप्पासाहेबांनी ज्वारीच्या कणगीत खांद्यापर्यंत हात घातला आणि त्यांचं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं झालं. कणगीत ज्वारी होती. नुसतीच ज्वारी.

"द्वारका," त्यांनी आवाज जमेल तितका साधा ठेवला. "कणगीला कुणी हात लावला हुता का?"

"मी लावला. इंदापूरचं पाव्हणं यायचं म्हटल्यावर दळण नगं?" द्वारकाबाई पदराला हात पुसत आल्या. "तुमची बंदूक घावली आत. म्हटलं, ही ज्वारीत काय उगवाया घातलीया का काय. काढली, पुसली, पाटावर ठिवली."

"पाटावर तर एक हुतीच."

"व्हय की. दोन झाल्या. मग दोन कशाला पुजायच्या म्हणून एक उचलली आन माळ्यावर पेंडीच्या पोत्यामागं सारली."

"कंची सारली?"

"कंची म्हंजी? एक सारली." द्वारकाबाईंनी नवऱ्याकडं नीट पाहिलं. "का हो, त्यात सवत हाय का एखादी?"

आप्पासाहेब पाटापाशी जाऊन बसले. पाटावर कोयते, विळे, नांगराचा फाळ, इंजिनाचं हँडल आणि मधोमध झेंडूच्या माळेत ती बंदूक. चकमकीची. म्हणजे घोड्याच्या दातात गारगोटी, चाप ओढला की गारगोटी पोलादावर आपटणार, ठिणगी रंजकाच्या चिमूटभर दारूत पडणार आणि मग धूर, आवाज आणि मान. थोरल्या आबांनी याच बंदुकीनं तीन रानडुकरं पाडली म्हणत. आबांच्या पोरांनी सांगताना पाच केली, आणि आता नातवांच्या काळात त्यात एक वाघही शिरला होता.

मरताना थोरल्या आबांनी दोन्ही नातवांना, सांगवीच्या आप्पासाहेबांना आणि इंदापूरच्या मोहनरावांना, उशाशी बसवून निकाल दिला होता. बंदूक तीन वर्षं ह्या घरी, तीन वर्षं त्या घरी. खंडेनवमीला हवाली करायची. देणाऱ्याच्या थोरल्या पोरानं आधी एक मोकळा बार काढून दाखवायचा, कारण द्यायची ती जित्ती बंदूक द्यायची. आणि ज्या घरी बंदूक, त्याच घरी धोंडी.

धोंडी म्हणजे आबांची लेक, दोघांची आत्या. तेराव्या वर्षी कपाळ पांढरं करून माहेरी आली ती कायमची. आबा पक्के. नुसती आत्या कुणी ठेवून घेणार नाही हे त्यांना ठाऊक होतं, म्हणून गुळाच्या ढेपेला बांधावा तसा तिला त्या बंदुकीला बांधून गेले. चोपन्न सालापर्यंत हे बिनबोभाट चाललं. यंदा पाळी इंदापूरची, आणि आप्पासाहेबांना आत्या द्यायची होती, बंदूक द्यायची नव्हती.

आप्पासाहेबांना जुन्या बंदुकांचा नाद होता. पडवीच्या भिंतीवर पाच लटकलेल्या. एकीला घोडा नव्हता, एकीला दस्ता नव्हता, तिसरीला दोन्ही नव्हतं, तिला द्वारकाबाई गज म्हणत. चौथी एका मोडलेल्या तमाशाच्या फडाकडून आणलेली, सगळीच लाकडाची. पण हे कुणी बोललं की आप्पासाहेब दोन दिवस जेवताना गप्प बसत. पाचवीत चिमणीचं घरटं होतं. पहिलीला घोडा मिळावा म्हणून ते एकदा भिगवणला गेले होते. तिथल्या एकाकडं जुना घोडा आहे असं कळलेलं. त्यानं दावणीतून एक काणी घोडी सोडून पुढं उभी केली आणि म्हणाला, "दात बघा."

खऱ्या चांगल्या बंदुकीची किंमत त्यांनी पुण्याच्या जुन्या बाजारात एकदा विचारली होती. आकडा ऐकून बंदुकीला लांबूनच हात जोडले आणि परतीची एस.टी. धरली. तेव्हा डोक्यात आलं, की खरी तर आपल्या घरीच आहे. स्वस्तातली नक्कल करायची आणि ती इंदापूरला पाठवायची.

बारामतीला कऱ्हेच्या काठाला भीमा मिस्त्रीचं पत्र्याचं शेड होतं. इंजिनं दुरुस्त करायचा. आप्पासाहेबांनी गोणपाटातून बंदूक काढून त्याच्यापुढं ठेवली. भीमानं ती उलटीसुलटी केली, नळीत डोळा लावला आणि बराच वेळ काढलाच नाही.

"लई चांगला नग हाय मालक," तो शेवटी म्हणाला. "करणारा कसबी असणार."

"पेशवाईतली हाय. आत बघ, आटे हायत. त्या आट्यांनी गोळी फिरत जाती. विंग्रजाच्या आदी आपल्याकडं हुतं हे."

"आसंल की."

"आटे हुबेहूब पायजेत बरं का."

"त्येची काळजी नगा करू," भीमा म्हणाला. "माझ्याकडचं समदं पाईप आट्याचंच हायत. पर एक सांगतो मालक, ही भितीला लावायची. बार काढायचा न्हाय. काढला, तर काढणाऱ्याचा पंजा जाईल."

आप्पासाहेबांचा बेत सरळ होता. पूजा खरीची, बार खरीचा, आणि मटण रिचवून पाहुणे आडवे झाले की अदलाबदल. आता पाटावरची खरी का माळ्यावरची, हे त्यांनाच कळत नव्हतं. माळ्यावरून दुसरी आणून शेजारी धरली. वास घेतला. जीभसुद्धा लावून बघितली. दोन्हींना करडीचं तेल लागलं. वीस वर्षं लोकांना बंदुका समजावून सांगणारा माणूस घामाघूम होऊन बसला, आणि दारात एस.टी. स्टँडवरून आलेल्या बैलगाडीची घुंगरं वाजली.

मोहनराव गाडीतून उतरले ते पाय नको म्हणत असल्यासारखे. बायको कुशाबाई मात्र टुणकन उतरून थेट चुलीकडं गेली. गेल्या दसऱ्याला सांगवीच्या सामाईक विहिरीच्या हिश्श्यावरून दोघा भावांनी एकमेकांची पाणंद बंद केली होती. आज आप्पासाहेबांनी पुढं होऊन भावाची पिशवी घेतली. मोहनरावांनी भावाच्या पोराची चौकशी केली. अंगणात जमलेल्या भावकीला हे काही बरं वाटलं नाही.

"संभाजी कुठाय?" मोहनरावांनी विचारलं.

"दारू वाळवतोय. तीन दिस झालं वाळवतोय."

"तीन दिस," मोहनराव म्हणाले आणि टोपी काढून घाम पुसला.

चुलीवर बोकडाचं मटण रटरटत होतं आणि धोंडाआत्या पुढं बसून फुंकत होती. तिची फुंकणी म्हणजे एक काळीकुट्ट, हातभर लांब लोखंडी नळी. दोन्ही घरं फिरायची तेव्हा आत्याच्या बोचक्यात दोन लुगडी, तपकिरीची डबी आणि ही फुंकणी. दुसऱ्या कुणाला ती हात लावू देत नसे. नळीला एका टोकाशी, कुशीत, बारीक भोक होतं. फुंकताना आत्या त्यावर अंगठा दाबून धरायची, नाहीतर वारा तिकडूनच जायचा.

"बाई, ती भोकाची फुंकणी टाका आता," द्वारकाबाई म्हणाल्या. "नवी देती की."

"तुमाला अंगठा ठिवाया जमायचं न्हाय," आत्या म्हणाली आणि फुंकली. लाल ज्वाळ उठली.

कुशाबाई कांदा चिरत होती. ती एकदम फिसकन हसली, आणि कांद्यानं रडतेय असं दाखवायला पदर डोळ्याला लावला. द्वारकाबाईंच्या ते नजरेतून सुटलं नाही. ह्या दोघी जावांचं पटत नसे. पण नवरे गप्प बसले की बायकांनी एक व्हायचं, ही त्यांची जुनी रीत.

"सकाळपास्नं आमचं येडं झाल्यात," द्वारकाबाई हळूच म्हणाल्या. "दोन बंदुका घेऊन बसलं हुतं. एकीला चाटलं."

"दोन?" कुशाबाईचा विळीवरचा हात थांबला. "आता दुसरी कुठनं आली?"

"म्हंजी पैली कुठनं आली ते तुला ठावं हाय?"

कुशाबाईनं आत्याकडं बघितलं. आत्या फुंकत राहिली.

बाहेर संभाजीनं शिंगातली दारू नळीत ओतली आणि चिंध्या ठासल्या. बाविशीचा गडी, कानशिलं आत्ताच लाल झालेली. सांगवीच्या तालमीत पोरं त्याला 'आईचा बाळ' म्हणत. आजचा बार त्याचा होता. तीन वर्षं तो ह्या एका बारासाठी थांबला होता आणि निम्मी सांगवी अंगणात उभी होती.

"मी काय म्हणतो आप्पा," मोहनराव घसा खाकरून म्हणाले. "ह्या साली बार ऱ्हाऊ द्या. दावणीला गाभणी म्हस हाय. बिचकंल."

आप्पासाहेबांना देव पावला. "बरुबर हाय मोहनचं. मुक्या जनावराचा इचार कराय पायजे."

"म्हस मगाशीच वड्याला सोडली," संभाजी म्हणाला.

"वारं बी लई हाय," आप्पासाहेब म्हणाले.

लोकांनी वर बघितलं. लिंबाचं पानसुद्धा हलत नव्हतं.

"आन दारू दमट आसंल," मोहनराव म्हणाले.

"दमटच हाय," आप्पासाहेब म्हणाले. "मी बघितली."

"आन आपल्या दोघांत आता इश्वास असल्यावर बार कशाला?"

"त्येच तर मी म्हणतो."

भावकीतला एक म्हातारा शेजाऱ्याला म्हणाला, "ह्या दोघांनी मिळून कुणाचा तरी मुडदा पाडलाय."

संभाजीला मात्र हसू आलं नाही. त्यानं बंदूक खाली टेकवली आणि बापाकडं वळला. "तात्या, सरळ सांगा ना. माझ्या हातानं व्हायचं न्हाय, आसंच वाटतं ना तुमाला?"

"तसं न्हाय रं."

"मग कसं? आवंदा म्हस, पुढल्या पाळीला शेरडू. काका तर पाव्हणं हायत, ते बी म्हणत्यात नगं. म्हंजी माझी कीर्ती इंदापूरपातूर गेलीया." त्यानं रंजक ओतलं, घोडा मागं ओढला. कट् असा आवाज झाला. दस्ता खांद्याला लावून त्यानं नळी आभाळाकडं केली. गाल दस्त्याला चिकटलेला. डोळा नळीपासून वीतभर.

आप्पासाहेबांनी ते बघितलं. निम्मी शक्यता खरीची, निम्मी पाईपाची. सकाळपासून ते हाच हिशेब मनात धरून बसले होते आणि निम्मं म्हणजे फार काही वाईट नाही असं स्वतःला सांगत होते. पण आता त्या निम्म्याला पोराचा गाल लागलेला होता. ते उठले. पण पाऊल पुढं पडेना, कारण पुढं निम्मी सांगवी होती.

"थांब लेकरा," मोहनराव ओरडले आणि धावत जाऊन त्यांनी नळीला मिठी मारली. "फुटंल ती. पान्याचा पाईप हाय तो."

आप्पासाहेब मट्कन खाली बसले. "तुला कुणी सांगितलं? भीमानं?"

"भीमा कशाला सांगंल? म्याच करून घेतली त्येच्याकडनं."

"तू? मी करून घेतली."

"तू कशी? म्या. एकावन साली."

"मी ह्या आषाढात."

संभाजीनं घोडा हळूच खाली सोडला, रंजक झटकलं आणि बंदूक ओट्यावर ठेवली. द्वारकाबाई आतून येऊन सगळं ऐकत होत्या. त्या दुसरी बंदूक घेऊन आल्या आणि पहिलीशेजारी ठेवली. जुळी पोरं निजवावीत तशी.

"म्हंजी तू मला खोटी दिली," आप्पासाहेब म्हणाले.

"आन तू मला खोट्याची खोटी देनार हुतास."

"आरं पर बार? तुझ्या पोरानं बार काढला हुता की त्या साली. मी ह्या कानानं ऐकला."

"गोठ्यामागं गडी बसवला हुता, सुतळी बॉम्ब घेऊन."

"आन आतले आटे?" आप्पासाहेबांचा आवाज आता अगदी बारीक झाला. "गोळी फिराया असत्यात ते?"

"आप्पा, पाईपाला आटे असत्यातच की रं. दुसरा पाईप जोडाया."

मग जे हसू उठलं ते ओढ्यापर्यंत गेलं असणार, कारण म्हैस ओरडली. वीस वर्षांची विद्वत्ता पाण्याच्या पाईपातून वाहून गेली. फक्त संभाजी हसत नव्हता. त्यानं सुतळी मागितली. पाटावरची बंदूक लिंबाच्या बुंध्याला करकचून बांधली, पुन्हा रंजक घातलं, चापाला सुतळी लावली, सगळ्यांना भिंतीआड घातलं आणि ओढली.

आवाज झाला, मान मिळाला. धूर गेल्यावर बघतात तर नळी केळीच्या सालीसारखी सोललेली, दस्त्याच्या ढलप्या झालेल्या आणि घोडा कुठं तरी कौलांवर उधळलेला. आप्पासाहेब पोरापाशी गेले. त्याचा उजवा हात आपल्या हातात घेतला आणि एकेक बोट चाचपलं. पाच भरली. मग पुन्हा चाचपलं.

"ऱ्हाऊ द्या तात्या," संभाजी म्हणाला. पण हात काढून घेतला नाही.

थोड्या वेळानं कुणीतरी विचारलं, की मग खरी कुठाय. मोहनरावांनी मान खाली घातली. "एकोणपन्नास साली इंदापुरात आवई उठली, परवान्याबिगर हत्यार घावलं की धरून नेणार. मी बाजाराला गेलो हुतो. तवर आत्यानं ती हिरीत टाकली."

"म्या टाकली कशाला?" दारातून आवाज आला. धोंडाआत्या उंबऱ्यात उभी होती. "घरची चीज कुणी हिरीत टाकतं व्हय? तुला सांगितलं तसं. तू बाजारातनं येऊन लई वरडाय लागलास म्हणून."

"मग?"

"दस्ता चुलीत घातला. लाकूड गुणाचं, धूर न्हाय काय न्हाय."

"मटण शिजलं त्यावर," कुशाबाई मागून म्हणाली. "तुमीच दोन वाट्या वरपल्या, म्हणला आज चव न्यारी हाय."

"घोडा दिला भंगारवाल्याला. आन नळी लुव्हाराकडनं कापून घेतली." आत्यानं हातातली फुंकणी वर केली. "ही काय."

आप्पासाहेबांनी फुंकणी हातात घेतली. जड होती. पाईपापेक्षा दुप्पट जड. त्यांनी राख लावून धोतरानं घासली, आणि काजळीखालून त्या कुशीतल्या भोकाभोवती पितळेची बारीक नक्षी वर आली. रंजकाचं भोक. ह्याच भोकातून ठिणगी आत जायची. गेली तीन वर्षं ते रोज ह्या बंदुकीच्या फुंकरीवरचा चहा पीत होते, आणि पडवीत बसून पाईपाची पेशवाई सांगत होते.

"आत्या," ते म्हणाले, "आगं, बोललीस का न्हाईस?"

"कुणाला बोलू? आबा म्हणला हुता, जितं बंदूक तितं धोंडी. बंदूक मोडली म्हटल्यावर धोंडीला कुणी इचारलं असतं?" आत्यानं तपकिरीची चिमूट ओढली. "मोहननं पाईप आणला तवा बरंच झालं, म्हटलं. पर आबाचा शबूद म्या मोडला न्हाय. जितं मी गेली तितं ती आली. पाईपाच्या मागं तुमी फिरलासा."

मटणाचा वास अंगणभर पसरला होता.

"आत्या," आप्पासाहेब हळू म्हणाले, "आवंदाची पाळी हितंच काढ. इंदापूरचं पानी तुला सोसत न्हाय."

"सोसत न्हाय कसं?" मोहनराव ताठ झाले. "पाळी आमची हाय. आत्या आमच्याकडं यायची."

"तुझ्या घरी जिना हाय. तिच्या गुडघ्याला तरास."

"तुझ्या घरी तू हाईस. तिच्या कानाला तरास."

द्वारकाबाई कुशाबाईच्या कानाशी लागल्या. "मागल्या महिन्यात हेच बोटं मोजत हुतं, आत्या जायाला किती दिस ऱ्हायलं म्हणून."

"आमचं देव पाण्यात घालून बसलं हुतं, येऊ नये म्हणून," कुशाबाई म्हणाली. आणि विहिरीच्या हिश्श्यानंतर पहिल्यांदाच त्या दोघींनी एका ताटात जेवायचं ठरवलं.

आत्यानं आप्पासाहेबांच्या हातातून फुंकणी काढून घेतली. "पाळी म्हंजी पाळी. मी इंदापूरला जायाची. तीन वर्सांनी येती. तवर तुझ्याकडं ही एक ऱ्हायली की, लाव भितीवर. आन संभा, मधनं येत जा. तुला अंगठा ठिवाया शिकवती."

भीमानं केलेली उरलेली बंदूक पडवीत सहावी म्हणून लागली. कुठली, पहिली नक्कल का दुसरी, ते आजतागायत कुणाला सांगता आलेलं नाही. आप्पासाहेब पाव्हण्यांना पाच बंदुका दाखवतात, तमाशावाल्या बंदुकीपाशी थोडे रेंगाळतात आणि सहाव्या बंदुकीपुढून पाय उचलून निघून जातात.

दसऱ्याच्या तिसऱ्या दिवशी बारामतीच्या स्टँडवर इंदापूरची एस.टी. लागली. मोहनरावांनी आत्यासाठी खिडकीची जागा धरली, बोचकं स्वतः वर चढवलं. सात जन्मांत केलं नव्हतं ते सगळं केलं. आप्पासाहेब खाली उभे राहून खिडकीतून आत बघत होते, आत्याकडं की तिच्या मांडीकडं ते सांगणं अवघड. मांडीवर फुंकणी आडवी होती.

कंडक्टर तिकिटं फाडत आला. काळ्या नळीवर त्यानं पेन्सिल टेकवली.

"म्हातारे, हे काय?"

"बंदूक हाय," आत्या म्हणाली. "आमच्या आबानं हिनं तीन डुकरं पाडली."

सगळी एस.टी. हसली. कंडक्टरसुद्धा हसला आणि घंटीची दोरी ओढली. आत्यानं भोकावर अंगठा ठेवला आणि इंदापूरपर्यंत उचलला नाही.